कढई एक, ताटे दोन

पत्राचा सारांश: पत्रलेखिका ५२ वर्षांच्या असून पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत शिकवतात. त्यांच्या सासूबाईंचे गेल्या वर्षी निधन झाले. शेवटची सहा वर्षे सासूबाईंना स्मृतिभ्रंश होता आणि त्यांची सारी शुश्रूषा या बाईंनीच केली. यजमान ५७ वर्षांचे आहेत आणि आठ वर्षांपासून मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेतात. घर शाकाहारी आहे, अंडेही चालत नाही. चौदा महिन्यांपूर्वी पाळी थांबली, तेव्हापासून बाईंना वर्गात मुलांची नावे चटकन आठवत नाहीत आणि बोलता बोलता नेमका शब्द सापडत नाही. मुलीने त्यांना ‘पुरुषाचा मेंदू वेगळा, स्त्रीचा वेगळा, म्हणून आहारही वेगळा’ असे सांगणारे दोन आहारतक्ते पाठवले आहेत. पाठोपाठ दिरांनी मेंदूसाठीच्या पावडरीचे दोन डबे आणून दिले, एक स्त्रियांसाठी आणि एक पुरुषांसाठी. त्या लिहितात, “यांच्या आईला हा आजार होता, त्यामुळे यांना जपलेच पाहिजे. पण तक्त्याप्रमाणे दोन स्वयंपाक करायचे तर पहाटे चारला उठावे लागेल. नाही केले आणि पुढे यांना काही झाले, तर दोष माझ्याच माथी येईल. मी काय करावे? आणि माझे मंगळवार व संकष्टी सोडावी का?”

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दुसऱ्या वेळी हातात पेन्सिल घेऊन बसले. यजमानांच्या खाण्याविषयी तुम्ही दीड पान लिहिले आहे. रात्री भिजवून सकाळी सोललेले सहा बदाम, दोन अक्रोड, साखरेविना दूध, डब्यातील ज्वारीची भाकरी, संध्याकाळचे फुटाणे, सारे तपशीलवार आहे. तुमच्या स्वतःच्या जेवणाविषयी मात्र संपूर्ण पत्रात एकच वाक्य सापडले: “माझे काय, शाळेतून आल्यावर जे उरले असेल ते चहाबरोबर खाते.” त्या वाक्याखाली मी रेघ ओढली आहे. तुमच्या प्रश्नांची उत्तरे देताना मला त्याकडे वरचेवर परतावे लागणार आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, म्हणजे पुढचे तुम्ही निवांत वाचाल. दोन स्वयंपाक करू नका. पहाटे चारला तर मुळीच उठू नका, कारण पाळी थांबण्याच्या सुमारास झोपेची आधीच ओढाताण असते आणि अपुऱ्या झोपेने विसराळूपणा वाढतो.

तरीही मुलीने पाठवलेला मुद्दा निव्वळ थोतांड आहे, असे मी म्हणणार नाही. २०२४ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि अशा तक्त्यांचा उगम बहुधा तशाच बातम्यांत असतो. सरासरी ६४ वर्षे वयाच्या १४,१४५ स्त्रीपुरुषांचा सुमारे दहा वर्षे मागोवा घेऊन, त्यांचे जेवण ‘माइंड’ नावाच्या आहारपद्धतीशी किती जुळते याचे गुण काढण्यात आले. पालेभाज्या, इतर भाज्या, कडधान्ये, सुकामेवा, अख्खे धान्य आणि मासे यांवर भर द्यायचा, आणि तळलेले पदार्थ, मिठाई, लोणी व लाल मांस यांना आवर घालायचा, अशी ही पद्धती आहे. सर्वांत कमी गुणांच्या गटात शंभरांपैकी १२ जणांची आकलनशक्ती घसरलेली आढळली आणि सर्वांत जास्त गुणांच्या गटात १० जणांची. वय, रक्तदाब वगैरेंचा हिशेब लावल्यानंतर, नीट जेवणाऱ्या स्त्रियांमध्ये हा धोका ६ टक्क्यांनी कमी दिसला, पुरुषांमध्ये मात्र फरक दिसला नाही.

आता हा निष्कर्ष शब्दशः धरला तर तुमच्या घरात काय चित्र दिसते पाहा. बदाम यजमानांच्या वाटीत जातात आणि फायदा मात्र स्त्रियांना होतो! तो शब्दशः धरू नये हे मी लगेच सांगते. ६ टक्के हा फरक लहान आहे, आणि पाहणीतून दोन गोष्टी बरोबर चालताना दिसतात, एकीमुळे दुसरी घडली हे सिद्ध होत नाही. चांगले खाणारा माणूस अनेकदा चालायलाही जातो, औषधेही वेळेवर घेतो. याच आहारपद्धतीची रीतसर चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांच्या घरात स्मृतिभ्रंश होऊन गेला होता आणि ज्यांचे वजन जास्त होते, अशा ६०४ ज्येष्ठांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले गेले. एकाला ‘माइंड’ आहार दिला, दुसऱ्याला नेहमीचेच पण थोडे कमी खायला सांगितले. तीन वर्षांनी दोन्ही गटांचे गुण थोडे सुधारले होते आणि दोहोंत म्हणण्याजोगा फरक नव्हता. तुमचे कुटुंब काहीसे याच वर्णनात बसते, म्हणून हा तपशील मुद्दाम दिला. एखादा पदार्थ केला नाही म्हणून यजमानांचा मेंदू तुमच्या हातून निसटेल, ही भीती या आकड्यांत कुठेही सापडत नाही.

दुसरी अडचण अशी की पुष्कळ प्रयोगांत अर्धा प्रश्न विचारलेलाच नसतो. २०२५ मध्ये जर्मनीतील ट्युबिंगेन येथील संशोधकांनी दाखवले की, पाच दिवस चॉकलेट-वेफर्ससारखे जास्तीचे अरबट-चरबट खाल्ल्याने मेंदूचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद बदलतो आणि नेहमीच्या जेवणावर परतल्यावर आठवड्यानेही तो पूर्ववत झालेला नसतो. प्रयोग उत्तम होता, पण त्यातील २९ जण सारेच्या सारे पुरुष होते. प्रयोगशाळेतील उंदरांचीही हीच कथा आहे. वर्षानुवर्षे नर उंदरांवर काम करून निष्कर्ष सर्वांना लावले जात. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने नर-मादी भेदाचा विचार संशोधनात करावा असा आग्रह धरला तो २०१६ पासून. म्हणजे ‘स्त्रीच्या मेंदूसाठी हे, पुरुषाच्या मेंदूसाठी ते’ असा पदार्थवार तक्ता छापण्याइतके ज्ञान आज कोणाजवळही नाही, आणि ज्याने तो छापला त्याने गाळलेल्या जागा स्वतःच्या मनाने भरल्या आहेत. उलट, फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या १,२६० लोकांना आहार, व्यायाम, बुद्धीला चालना आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष असा एकत्रित कार्यक्रम दोन वर्षे दिला गेला, तेव्हा त्याचा लाभ स्त्री असो वा पुरुष, दोघांनाही झाला.

मग फरक आहे तरी कुठे? माझ्या मते तो कढईत फारसा नाही. तो शरीराच्या गरजेत आहे, वयाच्या टप्प्यात आहे, आणि आपल्याकडे त्याहून कितीतरी जास्त ताटात आहे.

लोहापासून सुरुवात करते, कारण तुमच्या चहाचा संबंध इथेच येतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाला रोज १९ मिलिग्रॅम लोह लागते आणि पाळी येणाऱ्या स्त्रीला २९ मिलिग्रॅम. गरज दीडपट आणि जेवण मात्र उरलेले, याचा परिणाम आकड्यांत दिसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या, पुरुषांत हे प्रमाण सुमारे २२ टक्के होते. मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के असते, पण विश्रांतीतही तो शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के वापरतो. त्याला प्राणवायू पोहोचवणारे रक्तच फिके असेल तर थकवा येतो, लक्ष लागत नाही आणि नाव ओठांवर येऊन अडते. पाळी थांबल्यावर स्त्रीची लोहाची गरज पुरुषाच्या पातळीवर उतरते हे खरे, पण थांबण्यापूर्वीची दोन-तीन वर्षे अनेकींना फार रक्तस्राव होतो आणि तुम्हीही तसे ओझरते लिहिले आहे. कोठार रिकामे झालेले असले तर ते आपोआप भरत नाही. त्यात चपाती चहात बुडवून खाल्ली की चहातील टॅनिन धान्यातील लोह शोषू देत नाही. संध्याकाळची ती चहा-चपाती मोडा. आधी खाऊन घ्या, चहा तासाभराने घ्या. उसळीवर लिंबू पिळा, पालेभाजीबरोबर टोमॅटोची कोशिंबीर किंवा आवळ्याचे लोणचे ठेवा, कारण ‘क’ जीवनसत्त्वाने वनस्पतीतील लोह अधिक शोषले जाते. अळीव आपण बाळंतिणीपुरते राखून ठेवले आहेत, वास्तविक ते कोणत्याही रक्तक्षयी बाईने खावेत. लोहाच्या गोळ्या मात्र तपासणीशिवाय घेऊ नका आणि आपल्या गोळ्या यजमानांना तर अजिबात देऊ नका. पुरुषात रक्तक्षय आढळला तर केवळ आहाराला बोल लावून चालत नाही, पोटात कुठे रक्तस्राव होतो आहे का हे डॉक्टरांना पाहावे लागते.

आता यजमानांकडे वळते. त्यांच्या दीड पानाच्या आहारात मला एक मोठी फट दिसली आणि ती बदामांनी बुजणारी नाही. ती ब-१२ जीवनसत्त्वाची आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यातील, झोपडपट्टीतील आणि शहरी मध्यमवर्गातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांचे रक्त तपासले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ६७ टक्के पुरुषांत ब-१२ कमी निघाले, आणि शहरी मध्यमवर्गात, म्हणजे ज्यांच्या घरी बदाम भिजवले जातात त्या वर्गात, हे प्रमाण ८१ टक्के होते. कमतरता म्हटली की ती बायकांची, ही आपली समजूत लोहाच्या बाबतीत बरीचशी खरी आहे, ब-१२ च्या बाबतीत मात्र तिने पुरुषांचे नुकसान केले आहे. हे जीवनसत्त्व वनस्पतीत नसते. दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतून ते मिळते. इडलीचे पीठ आंबवून किंवा पालेभाजी वाढवून ते मिळत नाही. आणि यजमानांची मेटफॉर्मिनची गोळी दीर्घकाळ घेतल्यास त्याचे शोषण कमी होते. पित्तासाठी रोज सकाळी घेतली जाणारी गोळीही तेच करते. ती ते घेत असतील तर डॉक्टरांना जरूर सांगा.

ब-१२ कमी पडले की रक्तात होमोसिस्टीन नावाचा घटक वाढतो, पायांना मुंग्या येतात, तोल जातो, चिडचिड होते आणि विस्मरणही होते. या विस्मरणाची मजा अशी, जर तिला मजा म्हणायचे असेल, की वेळीच ओळखले तर ते बऱ्याच अंशी भरून येते. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड येथे १६८ ज्येष्ठांवर झालेल्या दोन वर्षांच्या चाचणीत, ज्यांची स्मृती किंचित घसरली होती त्यांना ब गटातील जीवनसत्त्वे दिल्यावर मेंदू आक्रसण्याचा वेग मंदावला, आणि ज्यांचे होमोसिस्टीन जास्त होते त्यांना हा फायदा अधिक झाला. ज्यांचे होमोसिस्टीन मुळातच कमी होते त्यांना गोळ्यांचा म्हणण्याजोगा फायदा झाला नाही, हेही त्याच चाचणीच्या आकड्यांतून दिसते. म्हणून आधी तपासणी, मग गोळी किंवा इंजेक्शन. मेटफॉर्मिन स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, कारण अनावर साखर मेंदूला त्याहून घातक आहे. फक्त फॉलिक ॲसिडच्या गोळ्या घेत राहण्याची चूकही कोणी करू नये. त्याने रक्ताचा अहवाल सुधारतो, पण ब-१२ अभावी नसांना होणारी इजा आड लपून चालूच राहते. तुम्हीही शाकाहारी आहात, तेव्हा ही तपासणी तुमचीही व्हायला हवी. तुमच्या पत्रात दूध यजमानांच्या पेल्यात आहे, तुमच्या चहात तेवढा रंगापुरता थेंब. घरात दिवसाला येणारे दूध किती आणि त्यातले तुमच्या पोटात किती जाते, हे एकदा मोजून पाहाल का?

स्त्री-पुरुष फरकाचे खरोखर रासायनिक म्हणावे असे एक उदाहरण तुमच्या स्वयंपाकघरात, बहुधा फडताळातल्या बरणीत, आहे. जवस. जवसातील ओमेगा-३ हे मेंदूला जसे हवे तसे तयार नसते, शरीराला ते डीएचए या रूपात बदलावे लागते आणि हे रूपांतर मुळातच फार थोडे होते. तरुण स्त्रीचे शरीर ते पुरुषापेक्षा अधिक करते, कारण इस्ट्रोजेन हे स्त्रीसंप्रेरक त्याला हातभार लावते. गर्भाच्या मेंदूसाठी निसर्गाने केलेली ही तजवीज असावी. पाळी थांबल्यावर हा हातभार सैल होतो. अंड्यातील कोलीन या मेंदूला लागणाऱ्या घटकाचेही असेच आहे. तरुण स्त्रीचे यकृत इस्ट्रोजेनच्या मदतीने ते अधिक तयार करते, पुढे तिला आहारातून जास्त घ्यावे लागते. तेव्हा ‘जवस बायकांचे, अक्रोड पुरुषांचे’ असे काही नसून, जवसाची चटणी तुम्हा दोघांच्या पानात रोज असावी आणि पन्नाशीनंतर तुमच्या पानात ती विसरू नये, एवढाच त्याचा अर्थ. जवस भाजून कुटूनच खा, अख्खे दाणे बहुतेक न पचताच बाहेर पडतात. माझी आजी चटणी कुटताना खलबत्त्यात शेवटी लसणाच्या चार पाकळ्या आणि मिठाचा खडा टाकत असे. आजोबांची भाकरी त्या चटणीने माखलेली असे, आणि खलबत्ता भाकरीच्या तुकड्याने पुसून खाणे हे तिचे स्वतःचे जेवण. मासे खाणाऱ्या वाचकांना हा खटाटोप कमी, कारण बांगडा आणि तारली यांत डीएचए आयते असते.

आणखी एक फरक तुम्हाला ठाऊक असायला हवा, विशेषतः तुम्ही साखर फक्त यजमानांच्या चहातून काढली आहे म्हणून. सुमारे २३ लाख लोकांच्या माहितीचा एकत्रित अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. मधुमेहाने रक्तवाहिन्यांशी निगडित स्मृतिभ्रंशाचा धोका दोघांचाही वाढतो, पण स्त्रियांचा तो पुरुषांच्या तुलनेत १९ टक्के अधिक वाढतो, असे त्यात आढळले. पाळी थांबल्यावर कंबरेभोवती चरबी साठू लागते, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल चढू लागतात. पुरुषाला हे धोके आधी गाठतात, म्हणून घराचे लक्ष त्याच्याकडे असते, आणि बाई पन्नाशी ओलांडून त्याच ठिकाणी पोहोचते तेव्हा तिच्याकडे कोणी पाहत नाही. तुमची शेवटची साखर कधी तपासली होती, हे पत्रात नाही.

सासूबाईंच्या आजाराकडे तुम्ही यजमानांचा वारसा म्हणून पाहता आणि ते स्वाभाविक आहे. पण उतारवयात सुरू झालेल्या स्मृतिभ्रंशात आनुवंशिकता हा अनेक कारणांपैकी एक भाग असतो. भारतात साठी ओलांडलेल्यांपैकी ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात स्त्रियांचे प्रमाण ९ टक्के आणि पुरुषांचे ५.८ टक्के होते, आणि कमी शिकलेल्यांत व खेड्यांत ते अधिक होते. त्या पिढीतील किती मुलींना शाळा मिळाली, हे तुमच्यासारख्या शिक्षिकेला मी सांगायला नको. तुमच्या स्वतःच्या शिक्षणाने आणि तीस वर्षांच्या अध्यापनाने तुमच्या बाजूला काही शिल्लक निश्चित टाकली आहे. तरी ‘जपायचे ते यांना’ हे गृहीतक मात्र मला मान्य नाही. या घरात जपण्याजोगे मेंदू दोन आहेत.

आता तुमच्या विसरण्याविषयी. पाळी जाण्याच्या काळात शब्द न सुचणे, नाव अडणे, नवे लक्षात ठेवायला वेळ लागणे हे फार स्त्रियांना होते. अमेरिकेत स्त्रियांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करणाऱ्या एका अभ्यासात, या संक्रमणकाळात नवे शिकण्याची गती मंदावते आणि तो ओलांडल्यावर बहुतेकींत सावरते, असे आढळले आहे. मुलाचे नाव तासाभराने आठवले, तर तो विसराळूपणा आहे. रोजच्या रस्त्यावर चुकणे, तोच प्रश्न दहा मिनिटांत पुन्हा विचारणे, पगाराचा हिशेब पूर्वीसारखा न जमणे, असे होऊ लागले तर मात्र मेंदूविकारतज्ज्ञांकडे जायला हवे. सहा वर्षे तुम्ही ती लक्षणे जवळून पाहिली आहेत, त्यामुळे प्रत्येक अडलेला शब्द तुम्हाला सासूबाईंच्या तोंडचा वाटत असणार. ते दुःख अजून ताजे आहे, आणि मन खचलेले असले तरीही माणूस विसरतो.

मग करायचे काय, ते एका दिवसाच्या स्वयंपाकावरून सांगते. समजा सोमवारी मटकीची उसळ, मेथीची भाजी, भाकरी, थोडा भात आणि ताक आहे. कढई एकच. यजमानांच्या ताटात उसळ मोठी वाटीभर, भाजी भरपूर, भाकरी दीड, भात दोन घास, वर मीठ अजिबात नाही आणि लोणच्याची फोड बारीक. तुमच्या ताटातही उसळ तेवढीच मोठी वाटीभर, कारण प्रथिनांची गरज वजनावर ठरते, किलोमागे ०.८३ ग्रॅम, आणि तुमच्या ५८ किलोला रोज ४८ ग्रॅम प्रथिने लागतात. ती उरलेल्या चपातीतून येणार नाहीत. शिवाय त्यावर लिंबू, जवसाची चटणी आणि ताकाऐवजी वाटीभर घट्ट दही. बदाम दहा असतील तर पाच-पाच. तुम्ही शाळेत जाता तेव्हा यजमानांइतकाच भरलेला डबा तुमचाही निघाला पाहिजे, म्हणजे संध्याकाळी पाचला कोरड्या चपातीवर यायची वेळ येणार नाही. आणि डबे भरण्याचे, बदाम सोलण्याचे काम ५७ वर्षांच्या गृहस्थाला जमण्यासारखे आहे, नाही का? तुमच्या पत्रातील सगळी क्रियापदे एकटीची आहेत: भिजवते, सोलते, भरते, देते.

उपवासाविषयी. तुमचे मंगळवार आणि संकष्टी सोडा असे मी सांगणार नाही, तो तुमच्या श्रद्धेचा भाग आहे. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ म्हणतात, तुमच्या बाबतीत मात्र उलटे दिसते. तीन कप चहा आणि रात्री साबुदाण्याची खिचडी, एवढ्यावर तुम्ही सहा तास शिकवता. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, त्यात प्रथिन नावालाच आणि लोहही तसेच, जी काही पोषणाची बाजू आहे ती दाण्याच्या कुटाची. त्याच उपवासात राजगिऱ्याच्या लाह्या दुधात चालतात, राजगिऱ्याची भाकरी चालते, वरईच्या भातावर शेंगदाण्याची आमटी चालते, दही आणि रताळे चालते. सकाळी लाह्या-दूध घेऊन शाळेत जा आणि दुपारी वरई-आमटीचा डबा न्या. धर्माला यात काही अडचण नाही. इतर वाचकांसाठी एवढेच जोडते की ज्यांना मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी उपवासाच्या दिवशीच्या मात्रेबद्दल डॉक्टरांना आधी विचारावे.

पावडरीच्या डब्यांबद्दल थोडक्यात. त्यांच्या पाठीवरचा मजकूर तुम्ही पत्रात उतरवून पाठवलात हे फार बरे केले. दोन्ही डब्यांत घटक जवळजवळ सारखेच आहेत, रंग आणि नाव वेगळे, आणि ‘पुरुषांसाठी’च्या डब्यात शंभर ग्रॅममागे साखर बत्तीस ग्रॅम. मधुमेही माणसाला ती देऊ नका. दिरांना वाईट वाटू नये म्हणून काय सांगायचे, ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगले जाणता.

जेवणाबाहेरची एकच गोष्ट सांगते, कारण ती तुम्ही नकळत लिहून गेला आहात. यजमान हल्ली टीव्ही इतका मोठा लावतात की वह्या तपासता येत नाहीत. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणे मांडली, आणि ऐकू कमी येणे हे त्यांतील सर्वांत वजनदार कारणांपैकी एक आहे. त्यांचे कान तपासून घ्या. बदामांपेक्षा त्याचा उपयोग अधिक होण्याचा संभव आहे.

तपासण्या अशा: दोघांचेही हिमोग्लोबिन, ब-१२, साखरेची तीन महिन्यांची सरासरी, कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब. तुमचे त्याशिवाय फेरिटिन, म्हणजे लोहाचे कोठार, आणि थायरॉइड, कारण थायरॉइड मंदावण्याचे प्रमाण स्त्रियांत पुष्कळ अधिक आहे आणि त्यानेही नावे अडतात. अहवाल घेऊन आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे दोघांनी मिळून जा, आणि यजमानांच्या सगळ्या गोळ्यांची चिठ्ठी बरोबर ठेवा.

मुलीवर रागावू नका. तिने काळजीपोटीच पाठवले आहे आणि शहरात बसून तिला दुसरे काही सुचत नसावे. तिला एक काम द्या. प्रयोगशाळेचा माणूस घरी येऊन रक्त घेऊन जाईल अशी वेळ तिने फोनवरून ठरवावी, आणि बाबांच्या नावाबरोबर आईचेही नाव लिहून द्यावे. दिवस मात्र मंगळवार सोडून कोणताही.